ख्रिस्ती कीर्तन, मराठी

बायबलमधील कथा, दृष्टांत व उपदेश महाराष्ट्रातील कीर्तनाच्या रूढ घाटात, मराठी छंद आणि देशी रागताल यांच्या साहाय्याने श्रोत्यांपुढे मांडण्याचा प्रकार. त्याची घडण एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मुख्यतः अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) येथील अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्यांत झाली. ख्रिस्ती शास्त्र हा विषय आणि हरिदासी कीर्तन हा घाट असे या प्रकाराचे स्वरूप असले, तरी तो केवळ प्रचाराचे साधन म्हणून राहिला नाही. नव्या धर्मात गेलेल्या मराठी माणसाने देवापुढे कोणत्या सुरात आणि कोणत्या भाषेत उभे राहावे, हा प्रश्न त्याने सोडवावयास घेतला. तो प्रश्न अद्याप पूर्णपणे सुटलेला आहे असे नाही. [→ कीर्तन].

पार्श्वभूमी : हा प्रकार अहमदनगर जिल्ह्यात रुजला, याला तेथील भूमीही काही अंशी कारणीभूत आहे. ज्ञानेश्वरांनी १२९० मध्ये ज्ञानेश्वरी सांगितली ती प्रवरेच्या काठी नेवासे येथे. भक्तविजय (१७६२) हा संतचरित्रांचा ग्रंथ लिहिणारे महीपती (१७१५–९०) राहुरी तालुक्यातील ताहराबादचे. योगसंग्राम लिहिणारे शेख महंमद श्रीगोंद्याचे. शेख महंमदांचे उदाहरण येथे विशेष लक्षात घेण्याजोगे आहे. जन्माने मुसलमान असलेला साधक मराठी ओवी-अभंगांत आपला अनुभव मांडतो आणि गाव त्याला संत म्हणून स्वीकारते, ही गोष्ट या भागात मिशनरी येण्यापूर्वीच घडून गेलेली होती. ओवी व अभंग हे कोण्या एका पंथाचे मिरासी धन नाही, याची प्रचीती येथील श्रोत्यांना निराळी करून देण्याची गरज नव्हती.

ख्रिस्ती विषय मराठी छंदात आणण्याचा पहिला मोठा प्रयत्न याहूनही जुना आहे. इंग्रज जेझुइट फादर टॉमस स्टीफन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यात छापले गेले. सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ तेथील ख्रिस्ती समाजात पुराणासारखा वाचला व गायला जात असे. तथापि तो रोमी लिपीत, कोकणपट्टीतील कॅथलिक समाजात वावरला आणि घाटावरच्या प्रॉटेस्टंट परंपरेशी त्याचा थेट धागा जोडता येत नाही. अहमदनगरकरांना वाट नव्याने शोधावी लागली.

परदेशी चाली व मराठी शब्द : अमेरिकन मराठी मिशनने मुंबईत १८१३ मध्ये कार्यास आरंभ केला व १८३१ मध्ये अहमदनगर येथे ठाणे उघडले. हेन्री बॅलेंटाइन (१८१३–६५) हे तेथील मिशनरी उद्योगी होते. ज्ञानोदय हे नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगर येथे सुरू झाले, ते त्यांच्याच खटपटीने. मराठी उपासनेसाठी त्यांनी पुष्कळ गीते रचली व भाषांतरित केली. ही गीते इंग्रजी वृत्तांच्या मापाने बेतलेली व पाश्चात्त्य चालींवर म्हणावयाची होती. संपूर्ण बायबल मराठीत १८४७ मध्ये उपलब्ध झाले. त्यामुळे शास्त्र मराठीत वाचावयाचे आणि गावयाचे मात्र परक्या सुरात, अशी स्थिती काही काळ राहिली.

यातील अडचण केवळ आवडीनिवडीची नव्हती. इंग्रजी पद्य शब्दांतील आघातांवर चालते. चालीतील जोरकस ठोका आघातयुक्त अवयवावर पडतो आणि अर्थ उठून दिसतो. मराठीत असा शब्दाघात प्रभावी नाही. तिचे पद्य ऱ्हस्वदीर्घाच्या मात्रांवर किंवा अक्षरसंख्येवर उभे असते. साहजिकच इंग्रजी चालीवर बसविलेल्या मराठी गीतात ऱ्हस्व अक्षर लांबते, दीर्घ अक्षर आखडते आणि प्रत्ययांसारख्या गौण अवयवावर नको तेवढा जोर पडतो. शब्द ओळखीचे, पण कानाला ते तुटक वाटतात. शिवाय ही गीते चार स्वरांच्या मेळात म्हणण्यासाठी रचलेली होती. तो मेळ साधणारी शिक्षित मंडळी खेडेगावात मिळणे कठीण. उरे ती एकट सुरावट, आणि तीही भारतीय कानाला अपुरी. जात्यावरच्या ओव्या आणि एकतारीवरचे अभंग ऐकत वाढलेल्या स्त्रीपुरुषांना हे गाणे पाठ होई, परंतु गळ्यात बसत नसे.

कीर्तनाचा स्वीकार : १८६० नंतरच्या दशकात अहमदनगर येथील काही एतद्देशीय ख्रिस्ती मंडळींनी कीर्तनाचा घाट उपयोगात आणण्यास प्रारंभ केला. त्यांत कृष्णराव रत्नाजी सांगळे यांचे नाव अग्रगण्य होय. सांगळे हे कवी होते व त्यांना देशी संगीताची जाण होती. त्यांची काही पदे पुढे उपासना-संगीत या मराठी मंडळ्यांच्या गीतसंग्रहात समाविष्ट झाली आणि ती आजही गायली जातात. मुख्य कीर्तनकार, त्याच्यामागे ध्रुपद उचलून धरणारे साथीदार, टाळ-झांजा, मृदंग अथवा तबला, आणि तंतुवाद्य असा सरंजाम ठरून गेला. पुढे त्यांत बाजाची पेटी आली.

रचना जवळजवळ नारदीय कीर्तनाचीच ठेवण्यात आली. पूर्वरंगात नमन, मूळपद आणि त्यावरील निरूपण; उत्तररंगात आख्यान; शेवटी प्रार्थना व आरतीच्या धर्तीचे पद. नामघोषाच्या जागी येशूच्या नावाचा घोष आला. मूळपदासाठी अभंगाऐवजी स्तोत्रसंहितेतील वचनावर रचलेले पद घेण्याची सोय होती, कारण स्तोत्रसंहिता हा मुळात गाण्यांचाच संग्रह आहे. आख्यानांसाठी बायबलमध्ये सामग्री विपुल आहे. योसेफाला त्याच्या भावांनी विकल्याची कथा (उत्पत्ती ३७–५०), एस्तेर राणी, सिंहांच्या गुहेतील दानीएल, लाजराचे पुनरुत्थान आणि अर्थातच येशूचा जन्म व वधस्तंभ हे विषय आख्यानाला अनुकूल. पत्रांतील तत्त्वचर्चा मात्र कीर्तनात सहसा रंगत नाही. हा दोष कीर्तनकाराचा म्हणता येत नाही.

उधळ्या पुत्राचा दृष्टांत (लूक १५) घेतल्यास या घाटाचे सामर्थ्य ध्यानात येते. पूर्वरंगात बाप जसा लेकरांवर तशी देवाची भक्तांवर माया, या १०३ व्या स्तोत्रातील विचाराचे निरूपण होते. उत्तररंगात धाकट्याने वाटणी मागण्याचा प्रसंग साकीत वेगाने सांगता येतो. परदेशातील दुष्काळ आणि डुकरांपुढच्या शेंगांवरही हात न पडणारी भूक, यांसाठी दिंडीचा करुण सूर योग्य. बापाने मुलाला दुरून पाहिले, या क्षणी कीर्तनकार गाणे थांबवून गद्यात येतो, कारण येथे श्रोत्याला वेळ द्यावयाचा असतो. मेजवानीचे वर्णन कटावात. मूळ दृष्टांत ज्या ठिकाणी संपतो तेथे थोरला भाऊ रागाने घराबाहेरच उभा आहे आणि बाप त्याची समजूत घालीत आहे. तो आत गेला की नाही, हे शास्त्र सांगत नाही. दुष्काळ आणि भाऊबंदकीची वाटणी या दोन्ही गोष्टी अहमदनगर जिल्ह्यातील कोणाही शेतकऱ्याला समजावून सांगाव्या लागत नाहीत. आत कोण आणि बाहेर कोण, हेही नाही.

सामाजिक बाजू : या शेवटच्या गोष्टीचा अर्थ जिल्ह्यातील मंडळ्यांची घडण पाहिल्यावर स्पष्ट होतो. आरंभीच्या काळात काही ब्राह्मण कुटुंबे धर्मांतरित झाली असली, तरी राहुरी, नेवासे, वडाळा इ. भागांतील मंडळ्यांचा मोठा भाग महार समाजातून आलेला होता. मांग समाजातूनही काही कुटुंबे आली. १८७६–७८ व १८९९–१९०० या दुष्काळांनंतर मंडळ्या व अनाथालये वाढली. देवळातील कीर्तन हा समाज अंगणाबाहेरून, कानावर येईल तेवढे ऐकत आला होता. वाजंत्री हा मांगांचा परंपरागत व्यवसाय. पण वाजविणारा आणि कथा सांगणारा यांमध्ये उंबरठा होता. ख्रिस्ती कीर्तनात त्याच समाजातील माणूस नारदाच्या जागी उभा राहून निरूपण करू लागला. चावडीपुढे किंवा वाड्यात होणाऱ्या अशा कीर्तनांना चर्चच्या दारात पाऊल न ठेवणारे लोकही बसत. उपदेश ऐकून उठून जाणारा मनुष्य कथेला थांबतो, हा अनुभव जुनाच आहे.

याची दुसरी बाजूही नमूद करणे आवश्यक आहे. या परंपरेतील ज्या कवींची नावे टिकली, त्यांतील अनेक उच्चवर्णीय होते आणि त्यांच्या पदांची भाषा संस्कृतप्रचुर राहिली. गाणारा बहुसंख्य समाज एक भाषा बोले आणि स्तवन दुसऱ्या भाषेत करी. ही तफावत इंग्रजी चालींच्या तफावतीहून लहान असली, तरी खरी होती. पुढे सत्यशोधक जलसे आणि १९३० नंतर आंबेडकरी जलसे यांनी लोकांच्या करमणुकीचे घाट घेऊन नवा विचार त्यांच्याच बोलीत मांडला. त्या दृष्टीने ख्रिस्ती कीर्तन जलशांहून अधिक अभिजात आणि म्हणूनच थोडे अधिक दूरचे राहिले.

विरोध : कीर्तनाला विरोध दोन्ही बाजूंनी झाला. कीर्तन हे देवळाशी आणि हरीच्या नामाशी इतके जोडलेले आहे की, त्याच्याबरोबर जुना देवही परत येईल, ही काही मिशनऱ्यांची भीती. नवख्रिस्ती मंडळींपैकी काहींना तर परदेशी चालच प्रिय होती. ज्या गाण्याच्या सभेत आपल्याला बसू दिले नाही त्या गाण्याचे कौतुक त्यांनी का करावे, हा प्रश्न गैरवाजवी नव्हता. चर्चमध्ये बाकावर बसून पुस्तक हाती धरून म्हटलेले इंग्रजी चालीचे गीत हे नव्या प्रतिष्ठेचे लक्षण होते. त्यामुळे पुष्कळ ठिकाणी रविवारच्या उपासनेत परदेशी चाली आणि संध्याकाळच्या मेळाव्यात भजन-कीर्तन अशी वाटणी झाली. ती अनेक मंडळ्यांत दीर्घकाळ टिकून राहिली.

नारायण वामन टिळक : या परंपरेला काव्याची उंची दिली ती रेव्हरंड टिळकांनी (१८६१–१९१९). त्यांनी १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबई येथे बाप्तिस्मा घेतला व त्यानंतर ते अहमदनगर येथे आले. तेथील ईश्वरविज्ञानाच्या विद्यालयात त्यांनी अध्यापन केले. काही वर्षे त्यांचे वास्तव्य राहुरीस होते. तेथील दिवसांचे चित्र लक्ष्मीबाई टिळकांच्या स्मृतिचित्रे या आत्मकथेत आले आहे. विद्यालयाचे प्रमुख रॉबर्ट ॲलन ह्यूम (१८४७–१९२९) यांचा त्यांना पाठिंबा होता. ज्ञानोदयाच्या मराठी विभागाचे संपादन त्यांनी १९१२ पासून अखेरपर्यंत केले. [→ टिळक, नारायण वामन].

टिळकांनी केवळ पदांची संख्या वाढविली असे नाही. त्यांनी नाते बदलले. पूर्वीच्या गीतांतील ख्रिस्त हा राजा व तारणारा आहे. टिळकांच्या अभंगांत तो गुरू आहे, सखा आहे आणि विशेषेकरून माउली आहे. आपण तुकारामाच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, अशी त्यांची भावना होती. अभंगाच्या अखेरीस ‘दास’ ही मुद्रा येते, तीही संतांच्या रीतीप्रमाणे. विठ्ठलाला आई म्हणणाऱ्या भाषेत ख्रिस्ताला माउली म्हणताना टिळकांना कोठेही अडखळावे लागत नाही. उपासना-संगीतातील फार मोठा वाटा त्यांचा आहे. त्यांचे अभंग अभंगांजली या संग्रहात आहेत. भा. कृ. उजगरे प्रभृती कवींनी हीच वाट पुढे नेली. टिळकांच्या काही भजनांत प्रचारकाचा आग्रह कवीवर मात करतो, हे मान्य करावे लागते. परंतु अभंगांतील उत्कट भाग मराठी भक्तिकाव्याच्या मुख्य प्रवाहात सहज ठेवता येईल अशा योग्यतेचा आहे.

१९१७ मध्ये टिळक मिशनच्या सेवेतून बाहेर पडले आणि साताऱ्यास त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तभक्त त्यात एकत्र यावेत, अशी कल्पना होती. भजनातून जो समाज आपोआप जमतो, त्याला संस्थेचे रूप देण्याचाच हा प्रयत्न होता. दोनच वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, त्यांचे निधन झाले आणि दरबार पुढे टिकला नाही.

येशूचे चरित्र ओवीबद्ध करण्याचे ख्रिस्तायन हे त्यांचे काव्य अपुरे राहिले. दहा-अकरा अध्यायांपर्यंत येऊन थांबलेला हा ग्रंथ लक्ष्मीबाईंनी (१८६८–१९३६) पुढे नेला व त्याचा फार मोठा भाग त्यांच्या हातचा आहे. रीतसर शालेय शिक्षण न मिळालेल्या या स्त्रीने विद्वान पतीचे महाकाव्य पुरे करण्यास घ्यावे, ही घटनाच असामान्य होय. लक्ष्मीबाईंची ओवी टिळकांच्या ओवीहून साधी आणि घरगुती आहे. पठणाला आणि निरूपणाला ती अधिक सोयीची पडते. ग्रंथ १९३८ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाला.

वाद्ये : बाजाच्या पेटीबद्दल एक गोष्ट नोंदण्यासारखी आहे. देशी म्हणून कीर्तनात आलेली ही पेटी मुळात यूरोपीय. १८४० नंतर पॅरिसमध्ये तिचे मूळ रूप सिद्ध झाले. भारतात ती आली तेव्हा पायाने भाता मारण्याची होती. कलकत्त्यात तिला हाताचा भाता मिळाला आणि ती जमिनीवर बसून वाजविता येऊ लागली. देवळातील हरिदासाने ती घेतली व चर्चमधील भजनकऱ्यानेही घेतली. परदेशी चाल नको म्हणणारे आणि देशी कीर्तन नको म्हणणारे, असे दोन्ही पक्ष एकाच परदेशी वाद्याच्या सुरावर गात राहिले.

इतर पंथांतील प्रयत्न : अँग्लिकन पंथाचे जॅक विन्स्लो यांनी १९२२ मध्ये अहमदनगर येथे ख्रिस्त सेवा संघाची स्थापना केली. आश्रमी जीवन आणि देशी वळणाची उपासना हे त्याचे विशेष. पुढे संघाचे केंद्र पुण्यास हलले. टिळकांचे इंग्रजी चरित्र (१९२३) विन्स्लो यांनीच लिहिले. कॅथलिक पंथाचे काम जिल्ह्यात १८७८ च्या सुमारास राहुरीजवळील केंदळ येथे सुरू झाले. पहिल्या महायुद्धात येथील जर्मन जेझुइट धर्मगुरूंना काम सोडावे लागेपर्यंत त्याची धुरा मुख्यतः त्यांच्याकडे होती. कॅथलिक मिस्साची भाषा लॅटिन असल्याने मराठी भजनाला तेथे मुख्य उपासनेबाहेरच जागा होती. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (१९६२–६५) मिस्सा मराठीत होऊ लागला आणि प्रॉटेस्टंट कवींची पदेही कॅथलिक मंडळ्यांत शिरली.

पाश्चात्त्य संगीतातील समांतर प्रयोग : ख्रिस्ती शास्त्र आणि भारतीय नाद यांची सांगड पुढे यूरोपातही घातली गेली, पण निराळ्या दिशेने. म्युनिकमधील ‘पोपोल वू’ या वाद्यवृंदाचा होसियाना मंत्रा (१९७२) हा संग्रह त्याचा नमुना म्हणून पाहण्यासारखा आहे. वृंदाचे प्रमुख फ्लोरिआन फ्रिके (१९४४–२००१) हे जर्मन सायकेडेलिक रॉक संगीतातील आद्य प्रयोगकांपैकी एक. सिंथेसायझर या विद्युत्‌स्वरयंत्रावर त्यांनी पहिले दोन संग्रह केले व नंतर ते बाजूला सारून पियानोकडे वळले. होसियाना मंत्रामध्ये पियानो, ओबो, गिटार, व्हायोलिन यांच्या जोडीला तंबोरा आहे आणि गायिका जोंग युन ही कोरियन आहे. ‘होसान्ना’ ही येशूच्या यरुशलेमप्रवेशाच्या वेळची हिब्रू हाक आणि ‘मंत्र’ हा संस्कृत शब्द. नावातच जोड आहे. संग्रहाची दुसरी बाजू मोशेच्या पाचव्या पुस्तकाच्या नावाने आहे. त्यानंतर फ्रिके यांनी मत्तयाच्या शुभवर्तमानातील धन्यवचनांवर (१९७३) व शलमोनाच्या गीतरत्नावर (१९७५) संग्रह केले. रॉक संगीताच्या रूढ गोंगाटाऐवजी येथे संथपणा आहे. ढोलांचा ठेका होसियाना मंत्रामध्ये जवळजवळ नाहीच.

या संग्रहाची व अहमदनगरच्या कीर्तनाची तुलना उद्बोधक ठरते. फ्रिके यांच्या रचनांत वचनाचे थोडेच शब्द लांबवून, स्वरांत विरघळवून गायिले जातात. ऐकणारा त्यांत हरवावा, ही अपेक्षा. कीर्तनात सूर शब्दाच्या मागे चालतो आणि श्रोत्याने ध्रुपद उचलल्याखेरीज कीर्तन पुढे सरकत नाही. एक ध्वनिमुद्रिकेवर एकट्याने ऐकण्याचे, दुसरे दहा माणसांनी मिळून करण्याचे. जर्मन संगीतकाराला तंबोरा हा आपल्या धर्माच्या जुन्या शब्दांना नवेपण देणारा दूरचा नाद वाटला. नगरच्या कीर्तनकाराला तोच नाद घरचा होता आणि शब्द नवे होते.

नंतरची स्थिती : विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तनाचे प्रमाण कमी झाले. पूर्ण आख्यान लावणाऱ्या कीर्तनकाराला वृत्ते, राग, शास्त्र व विनोद या सर्वांची तयारी लागते आणि ती गुरूजवळ राहूनच होते. त्यासाठी सातत्याने शिष्य मिळाले नाहीत. हरिदासी कीर्तनाचीही अडचण याहून फारशी वेगळी नाही. भजन मात्र टिकले, कारण त्याला एक पेटी, एक ढोलकी आणि पाठ असलेली पदे पुरतात. ध्वनिफितींचा प्रसार झाल्यावर चित्रपटगीतांच्या धाटणीची ख्रिस्ती भक्तिगीते पुढे आली. पाठोपाठ इंग्रजी व हिंदी स्तुतिगीतांचे वळण गिटार आणि विद्युत्‌वाद्यांसह तरुण मंडळींत रूढ झाले. नाताळच्या दिवसांत जिल्ह्यातील वाड्यावस्त्यांवर भजनी मंडळ्या घरोघर फिरतात. श्रीरामपूर तालुक्यातील हरेगाव येथे सप्टेंबरमध्ये भरणाऱ्या मतमाउलीच्या यात्रेला ख्रिस्ती भाविकांबरोबर हिंदू भाविकही येतात, आणि टिळकांनी ख्रिस्तासाठी घेतलेला ‘माउली’ हा शब्द तेथे मरियेच्या नावाशी जोडला गेला आहे.